ओव्याचा थर्मास

वर्धा जिल्ह्यात दारू मिळत नाही असं सरकार म्हणतं, आणि ते ऐकून वर्ध्याची माणसं गालातल्या गालात हसतात. श्रीनिवास सर मात्र कधी हसले नाहीत. त्यांनी हयातभर शाळेत भूगोल शिकवला आणि शाळा सुटली की दारूबंदीचं काम केलं. बसस्टँडवर पत्रकं वाटली, हातभट्ट्या फोडायला निघालेल्या बायकांच्या मागे उन्हातान्हात नाल्याकाठी हिंडले. हे मिरवण्यासाठी नव्हतं. त्यांच्याकडे कामाला येणाऱ्या मीराबाईचा नवरा गुलाब हातभट्टीची पिऊन मेला, तेव्हा खांदा द्यायला माणसं पुरेनात. सरांनी खांदा दिला. दारू काय करते ते त्यांनी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, खांद्यावर वाहिलेलं होतं.

म्हणून त्यांच्या घराचा नियम कडक होता. प्यालेल्या माणसानं उंबरा ओलांडायचा नाही. एकदा सख्खा मेहुणा लग्नाच्या वरातीतून पिऊन आला, तर त्याला फाटकाच्या पायरीवर ताट वाढलं. सुमतीबाईंना भावाची लाज वाटली आणि नवऱ्याचा रागही आला. पण त्या घरात सरांपुढे बोलायची पद्धत नव्हती.

अशा माणसाच्या पोटी मिहिर आला आणि वाइन बनवायला शिकला. देवाला थट्टेची हौस असते, ती अशी.

शेतीची पदवी घेऊन द्राक्षांचा अभ्यास करायला म्हणून तो फ्रान्सला गेला आणि तिथंच राहिला. जर्मनीच्या सरहद्दीला लागून अल्सास नावाचा प्रदेश आहे, तिथल्या एका मळ्यात त्याला नोकरी लागली. त्यानं घरी फोन करून खरं काय ते सांगितलं, तेव्हा सर म्हणाले, "तू तिथं काय करतोस ते तुझं तू बघ. या घरात त्याचं नाव काढायचं नाही." लोकांनी विचारलं की सर सांगत, फळप्रक्रियेत आहे. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ज्या माणसानं वर्षानुवर्षं मुलांना फ्रान्सच्या नकाशात द्राक्षांचे पट्टे हिरव्या पेन्सिलीनं रंगवायला लावले, त्याला आपल्या मुलाचं गाव त्या पट्ट्यात आहे हे सोसवलं नाही.

मिहिर बापाचा शब्द पाळत राहिला. सरांशी तो हवामान, तब्येत आणि वर्ध्याच्या रस्त्यांबद्दल बोले. बाकीचं सगळं आईशी. सुमतीबाईंना ऐकायला कमी येई, म्हणून त्या स्वयंपाकघरात फोनचा स्पीकर लावून बसत, आणि सर बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र धरून प्रत्येक शब्द ऐकत.

"आई, आमच्या पश्चिमेला डोंगर आहेत. पाऊस सगळा त्यांच्या पलीकडे पडून जातो. आमच्याकडे कोरडं, लख्ख ऊन. घरांच्या धुराड्यांवर करकोचे घरटी करतात." मग द्राक्षांबद्दल. ती द्राक्षं दिसायला गुलाबी, पण वाइन पांढरी, म्हणजे फिकट सोन्याच्या रंगाची. वास सगळा सालीत. गेवुर्त्सट्रामिनर असं त्या द्राक्षाचं नाव. ते काही सुमतीबाईंच्या जिभेवर बसेना. त्यांनी सरळ त्याचं बारसं केलं आणि त्याला गौरी म्हणायला लागल्या. मिहिरही मग म्हणे, "आई, यंदा आमच्या गौरी उशिरा पिकल्या."

"वास कसा असतो रे?" त्यांनी एकदा विचारलं.

"तुझ्या गुलकंदाच्या बरणीसारखा. झाकण काढलं की पहिला येतो ना, तसा."

सुमतीबाई दरवर्षी गावठी गुलाबाच्या पाकळ्या खडीसाखरेत घालून बरणी गच्चीवर उन्हात ठेवत. त्या हरखल्या. इतक्या लांबच्या मातीत आपल्या बरणीचा वास निघतो म्हणजे काय! बाहेरच्या खोलीत सरांच्या तोंडापर्यंत शब्द आला होता. पश्चिमेला डोंगर, अलीकडे कोरडं. अरे, हा तर पर्जन्यछायेचा प्रदेश, आणि तो डोंगर म्हणजे व्होज! उठून आत जावं, फोन घ्यावा आणि मुलाला सांगावं असं त्यांना फार वाटलं. त्यांनी पान उलटलं.

दोन वर्षांपूर्वी, द्राक्षं काढून झाल्यावर, उतारावर ट्रॅक्टर उलटला आणि मिहिर त्याखाली सापडला. त्याचा नागपूरचा मित्र राजस तिकडेच कामाला होता. त्यानं सगळं केलं आणि अस्थी घेऊन तोच आला. बाप जिवंत असताना मुलाच्या अस्थी दुसऱ्यानं आणाव्यात, यापुढे बोलण्यासारखं काही उरत नाही. सर आणि सुमतीबाई एका घरात राहत, एका ताटलीतले पोहे वाटून खात, आणि मिहिरचं नाव काढत नसत. पूर्वी त्याच्या कामाचं नाव बंदी होती म्हणून निघत नसे, आता त्याचं नाव धीर नव्हता म्हणून.

यंदा होळीनंतर सुमतीबाई न्हाणीत पडल्या. खुबा मोडला. सावंगीच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, पण हाड नीट धरेना. त्या पलंगाला खिळल्या. मीराबाई दिवसभर त्यांच्याजवळ राहू लागली.

मे महिन्यात राजसचा फोन आला. तो सुट्टीवर नागपूरला आला होता. "काकू, मालकानं मिहिरला काही ओळी त्याच्या मनासारख्या करायला दिल्या होत्या. त्या द्राक्षांची वाइन तो गेल्यावर बाटल्यांत भरली. थोड्याच होत्या. त्यातली शेवटची एक मी तुमच्यासाठी आणलीय. घेऊन येऊ का वर्ध्याला?"

सरांनी फोन हातात घेतला. "जिल्ह्यात नको आणूस," ते म्हणाले.

त्या दिवशी सुमतीबाई जेवल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी सरांना पलंगाजवळ बोलावलं. "मला प्यायची नाहीये," त्या म्हणाल्या. "मला एकदा वास घ्यायचाय. माझ्या मुलानं तिथं काय केलं, ते मला कळू दे. मी तुमच्याकडे कधी काही मागितलंय?"

सर आठवायला लागले आणि त्यांना काही आठवेना. दुसऱ्या दिवशी ते नागपूरच्या बसमध्ये बसले.

सरांना पोटात गॅस धरायचा, म्हणून प्रवासात त्यांच्याबरोबर ओव्याचा काढा असायचा. स्टीलचा जुना थर्मास, वर्षानुवर्षं फक्त ओव्याच्या काढ्यासाठी ठेवलेला. तो त्या दिवशीही पिशवीत होता. आणखी एक गोष्ट सांगायला हवी. कोरोनात सरांचं नाक गेलं ते परत आलंच नाही. दूध करपलं तरी त्यांना कळत नसे. सुमतीबाई बऱ्या होत्या तेव्हा थट्टेनं म्हणत, यांच्यापुढे चंदन काय नि चप्पल काय, सारखंच.

राजसनं बाटली टॉवेलात गुंडाळून दिली. हिरवी, उंच, बारीक मानेची. पांढऱ्या चिठ्ठीवर मिहिरचं नाव छापलेलं. "काका, आमच्या गाडीनं सोडतो की," तो म्हणाला. सर नको म्हणाले. "मग थंड ठेवा, आणि घरी जाईपर्यंत उघडू नका. उघडली की वास उडायला लागतो." सरांनी मान हलवली. वर्गात मुलं हलवतात तशी.

बस निघाली आणि सरांच्या मांडीवरची पिशवी जड व्हायला लागली. जिल्ह्याच्या सीमेवर पोलीस कधी कधी बसमध्ये चढून पिशव्या तपासतात. कुठल्या पिशवीवर संशय घ्यावा, हे दारूबंदीच्या बैठकीत पोलिसांना सरांनीच समजावून सांगितलेलं होतं. टॉवेलात गुंडाळलेली वस्तू, हा त्यातला पहिला मुद्दा. श्रीनिवास सरांच्या पिशवीत दारूची बाटली सापडली, ही बातमी त्यांच्याआधी वर्ध्यात पोचली असती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, सरांच्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं. जिल्ह्याच्या पाटीच्या अलीकडे, नागपूरच्या बाजूला, एका ढाब्याच्या थांब्यावर ते उतरले.

ढाब्यामागे एक कडुनिंब आहे. वर्धा जिल्ह्यात दारू न्यायची सोय नाही, म्हणून आमची माणसं सीमेपलीकडे येऊन या झाडाखाली पितात आणि रिकाम्या हातानं, भरल्या पोटानं घरी जातात. झाडाखाली बाटल्यांचा खच पडलेला असतो. सरांनी उरलेला काढा ओतून टाकला आणि हापशावर थर्मास धुतला. विसळला, पुन्हा विसळला, झाकण घासलं. माणूस स्वच्छतेचा पक्का. पण नाक असतं तर त्यांना कळलं असतं की ओवा पाण्यानं जात नाही. मग त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं आणि मिहिरची वाइन त्या ऊनऊन थर्मासात ओतली. गाढवाला गुळाची चव काय, असं कुणी म्हणेल. मला तसं म्हणवत नाही. ज्यानं जन्मात ही वस्तू पाहिली नाही, त्याला तिचा जीव कशात असतो ते कोण सांगणार? एकानं सांगितलं असतं, पण त्याला घरात ते नाव काढायची बंदी होती.

थर्मास लहान. बाटलीत थोडी उरली. ती लवंडून द्यायला सरांचा हात धजेना. त्यांनी झाकण घट्ट लावलं, बाटली बुंध्याला टेकवून उभी ठेवली आणि पुढची बस पकडली.

सीमेवर खरोखर एक शिपाई बसमध्ये चढला. त्यानं दोन-तीन पिशव्या चाचपल्या आणि सरांना पाहून हात जोडले. "नमस्कार जी सर. एवढ्या उन्हात कुठं गेलते?" तो थांबलाही नाही. पिशवीला हातसुद्धा लावला नाही. केळझर आलं तेव्हा सरांनी सवयीनं तिथल्या गणपतीच्या दिशेनं हात जोडले, आणि मांडीवर काय आहे ते आठवून खाली घेतले.

घरी त्यांनी दारं-खिडक्या लावून घेतल्या. मीराबाईनं सुमतीबाईंच्या पाठीला उशा लावून त्यांना बसवलं, केस नीट केले. सरांनी काचेची वाटी आणली. वाटी सुमतीबाईंनी कुणाला धरू दिली नाही. डोळे मिटून ती नाकाशी नेली. मग डोळे उघडून म्हणाल्या, "ओवा."

"काय?"

"ओव्याचा वास येतोय हो."

त्यांनी पुन्हा वाटी नाकाशी धरली, जवळ, दूर, पुन्हा जवळ. मीराबाईनं वाकून हुंगलं. "ओवाच हाये जी सर. अन् जरासं आंबूस."

सरांनी वाटी घेतली. त्यांना काहीच आलं नाही, ओवाही नाही. पण काय झालं ते त्यांना कळलं. सुमतीबाईंनी विचारलं आणि त्यांनी सगळं सांगितलं. थर्मास, हापसा, झाड, तपासणी न करता गेलेला शिपाई. शाळेत चूक कबूल करणाऱ्या मुलासारखे ते खाली बघून बोलत होते.

सुमतीबाई ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "जिवंत होता तेव्हा त्याचं काम घरात येऊ दिलं नाहीत. मरून आला, तर त्याला लपवून आणलंत."

इतक्या वर्षांत त्या घरात सरांना कुणी असं बोललेलं नव्हतं. मीराबाईनं वाटी उचलली आणि मोरीत ओतायला निघाली, तेव्हा सर म्हणाले, "राहू दे. ठेव ती."

"बाटलीत उरलीय म्हणालात ना?" सुमतीबाईंनी भिंतीकडे तोंड करून विचारलं.

सकाळी पहिल्या बसनं सर सीमेवर गेले. बुंध्याशी बाटली नव्हती. ते खाली वाकून खच उचकटायला लागले. चपट्या, ठेंगण्या, तपकिरी, पांढऱ्या बाटल्या हातानं बाजूला सारत त्या उंच मानेच्या बाटलीला शोधायला लागले. समोरच्या चहाटपरीवर चार माणसं बसलेली होती, त्यांच्या हातातले कप तसेच राहिले. दारूबंदीवाले सर झाडाखाली रांगत होते.

"सर? काय हरपलं जी?"

धर्मेंद्र होता. केळझरचा किराणा दुकानदार, सरांचा जुना विद्यार्थी, आणि या झाडाचा रोजचा गिऱ्हाईक. भूगोलात तो कायम काठावर पास व्हायचा. सर आपल्याला पकडायला आले असं वाटून तो आधी मागे सरकला होता. आता जवळ आला.

"एक हिरवी बाटली होती. उंच मानेची. इथं टेकवून ठेवली होती."

धर्मेंद्रचा चेहरा उतरला. त्यानं झाडामागून ती बाटली काढून आणली. रिकामी. तळाशी विझलेली बिडी पडलेली. "कोनं तरी विसरलं असन वाटलं, सर. काल संध्याकाळी मीच पेलो. तुमची होती?"

सरांनी आजूबाजूला पाहिलं. टपरीवरची माणसं ऐकत होती. ते सरळ उभे राहिले आणि वर्गात बोलत तसे सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "ती वाइन होती. माझ्या मुलानं बनवलेली. माझा मुलगा वाइन बनवायचा."

बसस्टँडवर हजार वेळा बोललेला माणूस, पण हे वाक्य त्यांनी जन्मात पहिल्यांदा उच्चारलं. मुलगा होता तोवर ते निघालं नाही. बैल गेला अन् झोपा केला.

धर्मेंद्र त्यांच्या पायाशी वाकला. "मले माहीत नव्हतं जी सर. माफ करा."

सरांनी त्याला दंडाला धरून उभं केलं. "वास कसा होता?"

"जी?"

"तू प्यालास ना? वास कसा होता, सांग."

"वास त होता, सर. मस्त होता. पन असं उभ्या उभ्या सांगता नाई येत मले."

"चल माझ्याबरोबर. काकूंना सांगायचंय."

"घरी? सर, मी सकाळची घेऊन आहो. तुमच्या घरी कसा येऊ?"

"ये," सर म्हणाले.

बसमध्ये धर्मेंद्रच्या शेजारची माणसं नाक मुरडून उठून गेली. सरांना काही वास आला नाही, ते त्याच्या शेजारी बसून राहिले. गल्लीत शिरताना दारादारांतून लोकांनी पाहिलं. सरांच्या एका हातात रिकामी बाटली, दुसऱ्या हातात पेताडाचा दंड. फाटकाच्या पायरीवर धर्मेंद्र आपणहून थांबला. नियम सगळ्या तालुक्याला ठाऊक होता. "मी इथूनच सांगतो जी."

"आत ये," सर म्हणाले.

मीराबाई पलंगाजवळ पोळीचा तुकडा दुधात कुस्करत होती. धर्मेंद्र उंबऱ्यातून आत आला आणि तिला तो वास आला. तो तिला कुणी सांगायला नको होता, तिनं तो संसारभर उशाशी घेतला होता. तिनं पदर नाकाला लावला, वाटी खाली ठेवली आणि सरांकडे एकदा पाहिलं. सरांनी मान खाली घातली. मीराबाई मागच्या अंगणात जाऊन बसली. तिच्याबद्दल वाईट वाटलं ते सरांना पुढेही कधी बोलून दाखवता आलं नाही.

सुमतीबाईंनी आधी बाटली मागितली. तोंडाशी नाक नेलं आणि लगेच दूर केली. "बिडी," त्या म्हणाल्या. मग नावाच्या चिठ्ठीवरून बोट फिरवून बाटली उशाजवळ ठेवली. "बस बाळा. तू प्यालास म्हणे."

धर्मेंद्र खुर्चीच्या काठावर टेकला. कान लाल झालेले, हात गुडघ्यांमध्ये दाबलेले.

"काकू, झाकन खोललं त मले पह्यले वाटलं का कोनं अत्तर भरून ठेवलं यात. फेकूनच देनार होतो. मग घोट घेतला." तो अडखळला. सर दाराशी उभे होते, आणि तोंडी परीक्षेत अडलेल्या पोराकडे बघावं तसे त्याच्याकडे बघत होते, फक्त आज नापास व्हायची भीती त्यांना होती. "म्हनजे, आपल्या पानठेल्यावर गुलकंदाची नवी बरनी खोलते ना, तवा कसा घमघमाट सुटते? तसं. तोंडात गेलं तरी तसंच. गुलाब, अन् मागून जरासं अद्रकासारखं. नशा त काईच आली नाई. पन मी उगाच तिथं बसून राह्यलो. दुसरी घ्यावीस वाटली नाई मले."

सुमतीबाईंनी डोळे मिटले. मिहिरनं फोनवर काय सांगितलं होतं ते या माणसाला ठाऊक असायचं कारण नव्हतं. मिटल्या डोळ्यांतून पाणी उशीवर उतरलं. "गौरी," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पुन्हा सांग."

धर्मेंद्रनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी त्याला वाटलं काकूंना बरं वाटतंय, म्हणून तो आणखी काही जोडायला लागला. "एवढंच सांग," त्या म्हणाल्या. "होतं तेवढंच."

मग अवघडून धर्मेंद्रनं सरांना विचारलं, "कोन्या गावाची जी सर ते? आपल्याकडं त असं काई होत नाई."

सर दोन पावलं आत आले. त्यांनी हवेत बोटानं नकाशा काढला, फळ्यावर काढत तसा. "हे फ्रान्स. इथं पूर्वेला अल्सास. याच्या पश्चिमेला व्होज पर्वत आहे. पाऊस त्याच्या पलीकडे पडतो, अलीकडे कोरडं ऊन. पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात याला. म्हणून तिथं द्राक्षं चांगली पिकतात." त्यांनी हवेतच एक धुराडं काढलं. "घरांच्या धुराड्यांवर करकोचे घरटी करतात."

सुमतीबाईंनी डोळे उघडले आणि त्यांच्याकडे पाहिलं. करकोच्यांचं यांना कुणी सांगितलेलं नव्हतं.

"सगळं ऐकत होतात," त्या म्हणाल्या. "मग एकदा तरी त्याला तसं सांगायचं होतं."